पुस्तकात नसलेला शेवट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून मी तिच्याशी पुष्कळ बोललो, पण हे सोडून. मुलांना तर नाहीच. तुम्ही शेजारी बसला आहात असं धरून चालतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

गेल्या महिन्यात टेलिव्हिजनची दोन तरुण माणसं घरी आली होती. जुन्या गूढकथा, भुताखेताच्या गोष्टी ते पडद्यावर आणणार आहेत. रेडिओसाठी मी केलेली एक श्रुतिका त्यांना हवी होती. मूळ इंग्रजी गोष्ट त्यांनी शोधून वाचली होती. त्यातला एक जण म्हणाला, ‘‘पण तुमचा शेवट मूळ गोष्टीत नाहीच. हा सुचला कसा तुम्हाला?’’

मी नुसता हसलो. आणि त्यांनी पुढं केलेल्या कागदावर सही केली.

तो शेवट मला सुचलेला नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी थळच्या शाळेत मास्तर होतो. कारखाना वगैरे तेव्हा काही नव्हतं. कोळीवाडा, नारळीच्या वाड्या आणि पुढं समुद्र. माझ्याकडे जुन्या इंग्रजी भूतकथांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यातल्या गोष्टी मराठीत आणून, आपल्या किनाऱ्यावरच्या करून मी मुंबईच्या रेडिओला पाठवायचो. दोन लागल्या होत्या. त्या लागल्या तेव्हा गाव मला वेगळ्या नजरेनं बघायला लागलं. ते मला आवडत होतं — फार आवडत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तिसरी गोष्ट अशी होती. एक खलाशी बुडतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या घराचं दार वाजतं. बायको दार उघडते, तर बाहेर कुणी नाही, फक्त उंबऱ्यावर ओली पावलं. बस, एवढंच. मी ती लिहून काढली आणि एका रविवारी दुपारी पडवीत बसून बायकोला वाचून दाखवत होतो. मंजुळा तिथंच मासळी साफ करत बसली होती. ती आमच्याकडे मासळी घेऊन यायची, निवडून द्यायची, घोटभर चहा घ्यायची आणि जायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. नवरा, धर्मा, दोन वर्षांपूर्वी होडी उलटून गेलेला. घरात सासू हौसाबाय आणि चार वर्षांची मुलगी.

माझं वाचून झालं. बायको आत चूल बघायला गेली. मंजुळा हातातला विळा खाली ठेवून म्हणाली, ‘‘मास्तर, तो भूतच होता ह्ये तिला कसं कललं?’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे?’’

मग ती बोलली. माझ्याकडे न बघता, खालच्या मानेनं. होडी उलटल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी धर्माला गेलेलाच धरलं होतं. तिसऱ्या दिवशी सासू चौकशीला रेवसला गेलेली. दिवस मावळत होता, पाऊस कोसळत होता, आणि मागच्या दारावर थाप पडली. घोगरा, ओळखू न येणारा आवाज. पण त्यानं हाक मारली ती ‘चिंबोरे’ अशी. चिंबोरी म्हणजे खेकडा. ती चिडली की चिमटे काढायची, म्हणून धर्मानं घरातल्या घरात ठेवलेलं नाव. बुडालेल्या माणसाची हाक तीन दिवस येते आणि ‘ओ’ देणाऱ्याला घेऊन जाते, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. पोरीला पोटाशी धरून ती कोपऱ्यात बसून राहिली. थाप पुन्हा पडली. मग बंद झाली.

सकाळी धर्मा वाडीच्या टोकाला मरून पडलेला सापडला, खाडीच्या अंगाला. लोक म्हणाले, भरतीनं आणून टाकला.

‘‘भरतीनं न्हाय आनला, मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘तो चालत आलेला. मी दार उघारलं न्हाय.’’

एवढं बोलून तिनं पदरानं नाक पुसलं आणि विळा हातात घेतला. ‘‘कुनाला सांगू नका,’’ असंही ती म्हणाली नाही. मास्तरला ते सांगावं लागत नाही, असं तिला वाटलं असणार.

मी काय केलं? मी तिला धीराचे दोन शब्द बोललो. ते खोटे नव्हते. आणि त्याच संध्याकाळी बसून मी श्रुतिकेचा शेवट बदलला. बायको दार उघडत नाही. सकाळी तो अंगणाबाहेर मरून पडलेला सापडतो आणि तिला कळतं, की रात्री आलेला जिवंत होता. नावं बदलली, गाव बदललं. फक्त ‘चिंबोरे’ ही हाक ठेवली. दुसऱ्या हाका घालून पाहिल्या, पण एकही तशी बसेना. कशी बसणार?

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी ती रेडिओवर लागली. पंचायतीच्या रेडिओपुढं सगळा कोळीवाडा जमला होता. बायकांत मंजुळा होती, सासूच्या शेजारी. नटानं घोगऱ्या आवाजात ‘चिंबोरे’ म्हटलं, तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही. मी बाकीच्यांकडे बघत होतो. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मला — सांगतो — मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होतो. ती भांडली नाही.

‘‘सासू इचारतेय, मास्तर. ह्यो नाव मास्तरांना कुनी सांगितला म्हनून. मी बोल्ले, पुस्तकातलं हाय, मास्तरांनी बुकातनं उतरवलंय. तुमाला इचारलं तर तेवरं सांगा.’’

‘‘सांगेन,’’ मी म्हणालो.

‘‘तेवरंच सांगा. बाकी काय नको.’’

मी तिला शब्द दिला. आणि तो मी पाळणार होतो, हे खरं आहे.

पुढच्या रविवारी सकाळी रेडिओवरचे एक साहेब अलिबागला आले होते, ते वाट वाकडी करून मला भेटायला थळला आले. शाळेच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. गावातली माणसं गोळा झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर श्रुतिकेची स्तुती केली. ‘‘मूळ गोष्ट मी वाचली आहे,’’ ते म्हणाले, ‘‘ती साधी आहे. या माणसानं तिचं सोनं केलं.’’ तेवढ्यात हौसाबाय पुढं आली. हातात रिकामी पाटी, बाजारातून तशीच आलेली. मंजुळा तिच्या मागं उभी.

‘‘मास्तर,’’ म्हातारीनं विचारलं, ‘‘ती दार न उघारल्याची गोष्ट तुमच्या बुकात हाय का?’’

‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. साहेबांना काय वाटलं असतं? फार तर हसले असते. नंतर बाजूला घेऊन मी त्यांना समजावू शकलो असतो. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पण साहेब माझ्याकडे कौतुकानं बघत होते, गाव बघत होतं, आणि मी म्हणालो, ‘‘नाही, आजी. शेवट पुस्तकात नाही. तो माझा आहे.’’

हौसाबाय वळली आणि सुनेकडे बघत राहिली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण आपल्या मुलाची घरातली हाक मास्तरला आपोआप सुचत नाही, एवढं कळायला अक्षर लागत नाही. मंजुळानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. मी नीट बोललो नसेन, अजून पुढं काही बोलेन, अशी वाट बघत होती ती.

मी साहेबांना शहाळं फोडून दिलं.

आठ दिवसांत मंजुळाला घराबाहेर काढलं. मुलगी सासूनं ठेवून घेतली. माझ्या बायकोनं विचारलं, ‘‘असं काय झालं हो त्यांच्यात?’’ मी म्हटलं, ‘‘घरातलं काहीतरी असेल.’’

त्या साहेबांनी मला पुढच्या गोष्टींसाठी मुंबईला बोलावलं होतं. रेवसला लाँचमध्ये चढलो, तर मंजुळा बाकावर बसलेली. एकटी, शेजारी एक गाठोडं. गर्दी होती. तिनं मला बघितलं आणि गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, मला बसायला जागा व्हावी म्हणून. सवयीनं केलं असेल. मास्तर उभे कसे राहणार?

मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मुंबई येईपर्यंत पाठ करून उभा होतो.

भाऊच्या धक्क्यावर ती उतरली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना माझगावची वाट विचारू लागली. कुणी थांबत नव्हतं. तिनं चौघा-पाचजणांना विचारलं. मला वाट माहीत होती. मला त्याच बाजूला जायचं होतं. ती चालू लागून दिसेनाशी होईपर्यंत मी लाँचमधून उतरलो नाही.