सतरा नंबरची चादर

आमच्या आईने आयुष्यात एकदाही बाहेर कुठे मुक्काम केला नव्हता, पण गावातल्या मुक्कामाच्या प्रत्येक जागेची लायकी तिला तोंडपाठ होती. आमची लाँड्री. चार ठिकाणच्या चादरी आमच्याकडे यायच्या आणि तिचं सगळं ज्ञान त्या गठ्ठ्यांतून आलेलं.

चौकातलं हॉटेल म्हणजे दारात दरवान, आत गालिचा. चादरी पांढऱ्याशुभ्र, पण येणार चौथ्या दिवशी. "मधे कोण कोण झोपून गेलं, देवाला ठाऊक," आई म्हणायची. लॉजच्या चादरी गडद तपकिरी, डाग दिसू नयेत म्हणून, आणि हुंगूनच कळायचं की पाहुणे बदलले, चादर तीच. गेस्ट हाउसच्या मालकीणबाई त्याच घरात राहायच्या. त्यांच्या चादरी फुलाफुलांच्या, जपलेल्या, पण उशांचे अभ्रे महिन्यातून एकदा. उरली स्टँडमागची डॉर्मिटरी. तिच्या मागच्या खिडकीतून रोज सकाळी चाळीस चादरी बाहेर यायच्या, संध्याकाळी धुऊन परत आत जायच्या. एक दिवस खाडा नाही. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने शिवलेला नंबर असायचा. तो आम्ही खोलीचा समजायचो. खिडकीच्या आत डोकावायला वेळ कुणाला होता?

माझं लग्न ठरायच्या बेतात होतं. म्हणजे त्याचं आणि माझं ठरलं होतं, त्याच्या आईचं ठरायचं होतं. ती सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून माणसं जोखते, असं तिचा मुलगाच सांगायचा. ती मला बघायला मुक्कामाला येणार होती. आमच्याकडे एक खोली, तीही चादरींनी भरलेली. तिची सोय बाहेर करणं भाग होतं.

"हॉटेलात ठेवू," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? मेट्रन आधी चादर बघते," आई म्हणाली आणि डॉर्मिटरीच्या खिडकीत सांगून आली, "आमच्या विहीणबाईंना सतरा नंबर द्या."

होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला होता, "घ्यायला कुणी येऊ नका, मी काही आजारी नाही." म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आणायला गेलो. आई वीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने आत शिरली आणि तिथेच थिजली. एकच लांबलचक हॉल, एकावर एक खाटा. मुलींचा कसलासा संघ सामन्यासाठी आलेला, कठड्यांवर त्यांचे मोजे वाळत घातलेले. आणि सतरा नंबरच्या वरच्या खाटेवर, पाय खाली सोडून, बसलेल्या सासूबाई.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने व्यवस्थापकाला गाठलं. "अहो, खोल्या कुठायत?"

"मावशी, इथे खोली नसते, खाट मिळते. इतकी वर्षं चादरी नेताय, माहीत नाही?"

"चादरीवर लिहिलेलं नसतं!"

झालं, माझं लग्न त्या मोज्यांच्या शेजारीच वाळत पडलं, असं मला वाटलं. आईचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

सासूबाई शिडी धरून उतरल्या. "एक पोरगी रात्रभर घोरत होती. चढताना माझा गुडघा गेला. गावात हॉटेल नाही का?"

"आहे," आई म्हणाली. मी तिचा हात दाबला, पण ती कसली ऐकते! "पण तिथल्या चादरी चौथ्या दिवशी येतात. तुम्हाला दुसऱ्याच्या चादरीवर कशी झोपवू? ही कालच धुतली होती. मला एवढंच कळतं, ताई. चुकलंच माझं."

सासूबाईंनी चादर ओढून काढली, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली आणि एका जागी बोट ठेवलं. "हे रफू कुणाचं?"

"माझं."

"सांगितलं होतं कुणी?"

"नाही. फाटकी परत द्यायला बरं वाटत नाही."

 सासूबाई घडी काखेत मारून म्हणाल्या, "आज तुमच्याकडे राहते. जमिनीवर घाला, वर चढवू नका."

घरी आल्यावर आईची पंचाईत झाली. खोलीत दोनशे चादरी, आमची जादा एकही नाही. मी गेस्ट हाउसची फुलाफुलांची उचलली तर आई फिस्कारली, "ठेव! ती लोकांची आहे." गिऱ्हाइकाच्या चादरीला तिने कधी पाठ टेकलेली नव्हती. शेवटी स्वतःच्या अंथरुणावरची विरलेली, चार ठिकाणी रफू केलेली चादर तिने धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि सासूबाईंसाठी घातली.

सासूबाईंनी आधी चादरीवर हात फिरवला, मग बसल्या. गुडघा चोळता चोळता मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना डझनभर चादरी मी घेऊन येते. लग्नाला माणसं येणार, त्यांना काय लोकांच्या चादरींवर झोपवायचं?"

आईने पदर डोळ्यांना लावला आणि इस्त्री तापायला ठेवली. चाळीस चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या.