लुगडं खाली ठेवायचं नाही

मरण हा एकच प्रवास असा आहे, की ज्यात माणसाला उशीर होत नाही. हे वाक्य मी दोन शोकसभांमध्ये बोललो आहे आणि दोन्ही वेळा लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या आहेत. आमच्याकडे चिता पेटली की घाटावरच शोकसभा होते आणि जमलेल्यांत जो शिकलेला असेल त्याला पुढे ढकलतात. माझी सगळी नोकरी कॉलेजात शिकवण्यात गेल्यामुळे अशी एकदोन वाक्यं मी जवळ बाळगून असतो. मग माझी आत्या वडनेरला वारली, आणि हे वाक्य मला वापरातून काढावं लागलं.

आमच्यात बाई सासरी गेली, म्हणजे वारली, की माहेरहून लुगडं यावं लागतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आत्याचं माहेर नाचणगावचं. तिचे भाऊ तिच्या आधीच गेलेले. त्यामुळे माहेर म्हणून उरलो होतो आम्ही दोघं : माझा थोरला चुलतभाऊ, जो नाचणगावला भाजीपाला पिकवतो, आणि मी, जो पिपरी मेघेत राहतो आणि काहीच पिकवत नाही.

सकाळी आतेभावाचा फोन आला. "भाऊ, माय गेली," तो म्हणाला. "लुगडं घेऊन या. दिवस बुडायच्या आत न्या लागते."

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, पुलगावात कापडाचं दुकान उघडेपर्यंत थांबून, लुगडं घेऊन, आपला भाजीचा छोटा हत्ती टेम्पो चालवत माझ्या दारात आला तेव्हा दुपार कलायला लागली होती. थंडीचे दिवस, म्हणजे दिवस तसाही लहान. गाडीला सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास होता आणि समोर दसऱ्याची झेंडूची माळ वाळून दोरीसारखी झाली होती. मी शेजारी बसलो तसं त्याने कागदात गुंडाळलेलं लुगडं माझ्या हातात दिलं.

"पोचेपर्यंत खाली ठेवायचं नाई."

"सीटवर ठेवलं तर?"

"सीट काय आभायात हाय काय? मांडीवर घे."

"अन तू चालवून राह्यला, मी मांडीवर घेऊन बसतो. वाटेत मले उतरा लागलं तर?"

"त हातात घेऊन उतर. अन एकट्यानं न्यायचं नसते, ध्यानात ठेव. माहेर एकटं येत नसते."

कारण मी विचारलं नाही. आमच्या घराण्यात कारण विचारणाऱ्याला आणखी दोन नियम ऐकवतात.

आत्याला जाऊन भेटणं आम्हा दोघांनाही अलीकडे जमलं नव्हतं आणि तिला येणं त्याहून नव्हतं. तिची कंबर गेली होती. फोनवर ती दर वेळी एकच विचारायची, "रस्ता झाला काय रे?" हिंगणघाटच्या अलीकडचा एक तुकडा कित्येक दिवसांपासून खणून ठेवलेला होता. तो झाला की मी नाचणगावले येईन, दोन दिवस राहीन, असा तिचा बेत होता. रस्त्याचं भूमिपूजन मात्र थाटात झालं होतं. त्याची बातमी तिने स्वतः मला फोन करून दिली होती आणि आनंदाने सांगितलं होतं, की आता काही वेळ लागत नाही, नारळ फुटला.

तो तुकडा आला. अर्ध्या बाजूला सिमेंटचा नवा रस्ता होता, अर्ध्या बाजूला जुना डांबरी, म्हणजे डांबराच्या आठवणी असलेली गिट्टी. दोघांच्या मध्ये वीतभर उंचीची कड, आणि तिच्यातून लोखंडी गजांची टोकं बाहेर आलेली. नवा रस्ता पूर्ण झालेला नसल्यामुळे त्याच्यावर जायला बंदी होती आणि जुना उरलेला नसल्यामुळे त्याच्यावर जाता येत नव्हतं. वाहनं दोन्हींवरून जात होती. दादा खड्डा चुकवायला उजवीकडे, ट्रक चुकवायला डावीकडे, असा चालवत होता. समोरून एक ट्रक अगदी अंगावर आला, दादाने चाक कडेला घातलं, आणि गोळी सुटावी तसा आवाज झाला.

उतरून पाहिलं. मागच्या डाव्या टायराची बाजू गजाने फाडली होती. पंक्चर नव्हे, चीर. आत हात गेला असता. माझे हात मात्र लुगड्यात अडकलेले होते, त्यामुळे मी नुसतं वाकून पाहिलं.

"स्टेपनी हाय," दादा म्हणाला.

स्टेपनी होती. दादाने ती गाडीखालून काढली तेव्हा तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं दिसली, एका वर्षाची नव्हे, बऱ्याच वर्षांची, थरावर थर. दर दसऱ्याला तो गाडीच्या पाचही चाकांची पूजा करायचा. चार चाकांचं कुंकू रस्त्याने पुसलं जायचं, पाचव्याचं साठत गेलं. त्याने तिला उभी केली आणि सोडून दिली. ती मऊपणे एका बाजूला कलंडली. तिच्यात हवा नव्हती.

"हवा कधी पाहिलती?" मी विचारलं.

"पूजा त केलती ना," दादा म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो रस्त्याच्या कडेला बसला.

फोन वाजला. आतेभाऊ. "कुठपर्यंत आले?"

मी सांगितलं. पलीकडे बायकांचा आवाज येत होता. "पाहा बा," तो म्हणाला. "लोकं जमले हायेत सारे."

रुंदीकरणात झाडं गेली होती. सावली एकच होती, भूमिपूजनाच्या फलकाची. हात जोडलेली बरीच माणसं वर होती आणि त्यांच्याखाली आम्ही दोघं, एक बसलेला, एक लुगडं घेऊन उभा. फलकाच्या लोखंडी कोनाला ते अडकवता आलं असतं. मला तो विचार सुचलाही. पण मी अडकवलं नाही. इतर बाबतीत मी बराच नास्तिक आहे.

दादा गाड्यांना हात दाखवत होता. एक कोरी मोटार थांबली. बंपरला लिंबू-मिरची, काचेवर ताजं स्वस्तिक, आत सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. चालवणारा भला माणूस दिसत होता. काच खाली करून म्हणाला, "कुठं जाता काका? बसा ना, मी हिंगणघाटले चाललो."

दादाने दार उघडायला हात घातला, आणि त्या माणसाचं लक्ष माझ्या हातातल्या पुडक्याकडे गेलं. "लग्नाचं काय?"

"नाई जी. मयतीचं लुगडं हाय. आत्या गेली आमची."

काच वर जायला लागली. ती विजेवर चालणारी होती, त्यामुळे तिला आवाज नव्हता. "काका, गाडी आजच घेतली हो," एवढं त्या उरलेल्या फटीतून आलं.

"सांगायची काय गरज होती?" मी चिडून विचारलं.

"मंग? लपवून नेऊ काय तिचं लुगडं?"

पुढे एक बस आली, भरलेली, न थांबता गेली आणि आमच्यावर धूळ टाकून गेली. मी कागद काढून लुगडं शर्टाच्या आत घातलं.

शेवटी कपाशीचा ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरवाल्याने मयतीचं लुगडं ऐकून कपाळाला हात लावला आणि ट्रॉलीकडे बोट दाखवलं. स्टेपनी, खोलून काढलेला फाटका टायर, दादा आणि मी कापसात बसलो. मरणाच्या कामाला जाताना इतकं मऊ बसायला मिळावं याबद्दल मला उगाच अपराधी वाटत होतं. फोन पुन्हा वाजला. "निघालो," मी म्हणालो. हे तसं खरं होतं.

पंक्चरचं दुकान पुढच्या फाट्यावर होतं. बाभळीला टांगलेला टायर, खाली पत्र्याची टपरी, पाण्याचं टाकं, आणि एक माणूस बाजेवर बसून वर तारांकडे पाहत होता. लाईन गेली होती.

"कवा येते?" दादाने विचारलं.

"मले सांगून नाई गेली," पंक्चरवाला म्हणाला. "कम्प्रेसरच्या टाकीत थोडी हवा हाय. पण नंबर त्यायचा हाय."

त्यायचा म्हणजे एका टिप्परवाल्याचा. टिप्पर बाजूला उभा होता, सिमेंटच्या रस्त्यासाठी गिट्टी वाहणारा. जो रस्ता तो बांधत होता त्याच्याच गजाने त्याचं चाक फोडलं होतं. हा माणूस दूर उत्तरेकडचा, खांद्यावर गमछा, आणि बराच वेळ वाट पाहून कंटाळलेला.

पंक्चरवाल्याने आमचा फाटका टायर एका हाताने उलटला आणि तिकडे फेकला. "हे गेलं. याले ठिगळ बी चालत नाई." मग स्टेपनी फिरवली. "हे काय, देव्हाऱ्यात ठेवत होते काय?"

"आमची आत्या गेली भाऊ, लवकर करून द्या," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला. तोपर्यंत तो रडला नव्हता.

पंक्चरवाला टिप्परवाल्याकडे पाहायला लागला. टिप्परवाल्याने माझ्या शर्टातून बाहेर आलेल्या लाल काठाकडे पाहिलं.

"इनका पहले कर दो," तो म्हणाला. "अपनी सड़क कहीं भागी नहीं जा रही।"

काम सुरू झालं. स्टेपनी धुतली तशी टाक्यातलं पाणी तांबूस झालं. ट्यूब बाहेर काढून त्या पाण्यात दाबली. बुडबुडे आले. एका जागेवर खूण केली, दुसरीकडे दाबली, तिथेही आले. पूजेची फुलं जिथे खोचली जायची तिथेच ट्यूब कुजली होती, असं तो म्हणाला. ते खरं की मस्करी, मला कळलं नाही. कानशीने घासणं, सोल्युशन लावणं, आणि मग वाळेपर्यंत थांबणं. सोल्युशन वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो. त्याच्याकडे कोणी कितीही पाहिलं तरी फरक पडत नाही. आम्ही चौघं पाहत होतो.

चाक तयार झालं तेव्हा टाकीतली हवा संपली. पंक्चरवाला दादाला आणि चाकाला आपल्या मोटरसायकलवर घेऊन मागे गाडीकडे गेला. एकट्याने न्यायचं नव्हतं, एकट्याने उभं राहण्याबद्दल नियम नव्हता. मी टिप्परवाल्यासोबत थांबलो. त्याने मला चहा आणून दिला. मी तो एका हाताने प्यालो, दुसरा शर्टावरून लुगड्यावर होता. ऊन रस्त्यापलीकडच्या तुरीच्या शेंड्यांवर गेलं होतं.

फोन. "भाऊ," आतेभाऊ म्हणाला, "दिवस बुडून राह्यला. मोठे लोकं म्हणतेत, गावातल्या दुकानातून लुगडं घ्या अन उरकवा. तू शिकलेला हाय. तू सांग. घेऊ काय?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. लुगडं हे लुगडंच, कापडाला माहेर नसतं, माणूस गेल्यावर त्याला काही कळत नाही, लोकांना ताटकळत ठेवू नये. हे सगळं मला पटतं. वर्गात मी असली वाक्यं अनेक वर्षं बोललो. आणि मला आठवत होतं ते आत्याचं विचारणं, रस्ता झाला काय रे.

"नाई," मी म्हणालो. "थांबवा. आम्ही येऊन राह्यलो."

"येसान ना पण?"

"येतो रे बाबू."

पलीकडे तो कोणाला तरी म्हणाला, "माहेरचे येऊन राह्यले. कोणी हात लावू नका."

दादा गाडी घेऊन आला तेव्हा सूर्य दिसत नव्हता, उजेड होता. उरलेला रस्ता आम्ही फार हळू गेलो. जोरात जाऊन हेही फुटलं असतं, तर बदलायला तिसरं चाक नव्हतं.

वडनेरला पोचलो तेव्हा अंगणात दिवे लागलेले होते आणि सगळे उठून उभे राहिले. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आलं वं तुह्यं माहेर!" आणि बायका नव्याने रडायला लागल्या. मी शर्टातून लुगडं काढलं. माझ्या घामाने त्याची एक घडी ओली झाली होती आणि कधी लागलं कोण जाणे, काठावर सोल्युशनचा एक चिकट डाग होता. आतेभावाने तो पाहिला. त्याने तीच बाजू खाली घेतली आणि दादाने आणि मी मिळून ते आत्यावर पांघरलं. तेव्हा पहिल्यांदा माझे हात मोकळे झाले. त्यांचं काय करावं ते मला सुचेना.

दिवस बुडाल्यावर नेऊ नये, असं एकाने म्हणून पाहिलं. आतेभाऊ म्हणाला, माझी माय आता थांबणार नाही. नेली.

घाटावर मोबाईलच्या उजेडात शोकसभा झाली. गावच्या एका पुढाऱ्याने मृत्यूविषयी बरंच सांगितलं. मग माझा दंड धरून मला पुढे करण्यात आलं, नाचणगावचे प्राध्यापक साहेब म्हणून. चिता जोरात पेटली होती. मी माझं वाक्य शोधलं, ते सापडलं, आणि ते बोलता येईना.

"रस्ता खराब होता," मी म्हणालो. "म्हणून उशीर झाला."

लोकांनी माना हलवल्या. आजवरच्या कुठल्याही शोकसभेपेक्षा जास्त हलल्या.

घाटातून बाहेर आलो तर गाडीची स्टेपनी हवा जाऊन पुन्हा बसली होती.