प्रिय मालूस, साठ प्रती

आमच्या मंडळीच्या पत्रिकेत आजवर सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख माझ्यामुळे छापला गेला. मी तो लिहिलेला नव्हता, एवढंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो. मी पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कापड तपासायचो आणि महिन्यातून एकदा साहित्यिक व्हायचो. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत रविवारची उपासना भरे. तिथे वाटायला पाळकसाहेबांनी एक पत्रिका सुरू केली होती. हातानं लिहायची, झेरॉक्स काढायची. पहिल्या पानावर वचन, शेवटच्या पानावर आजाऱ्यांची नावं आणि मधल्या सुट्या कागदावर माझा लेख. लोक पहिलं पान वाचत, शेवटचं वाचत. मधल्या कागदात पोरांना चणे बांधून देत!

त्या महिन्यात मात्र मी ‘संकटात धीर’ असा लेख लिहिला की लिहितालिहिता माझेच डोळे भरून आले. शनिवारी तो घेऊन निघालो, तेवढ्यात शांतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पत्ता घातलेलं पाकीट आणि एक कागद हातात कोंबला.

“मालूचं पत्र आहे. घरातला डिंक संपलाय. दुकानात चिकटवा आणि पेटीत टाका. विसराल!”

मालू म्हणजे तिची जालन्याची धाकटी बहीण.

“विसरेन कसा?”

विसरलो नाहीच. (तेच तर दुर्दैव!)

वाटेत मला स्वप्न पडलं. चालताना स्वप्न पडणारा माणूस आमच्या गल्लीत मी एकटाच. सगळी मंडळी माझा लेख छातीशी धरून रडते आहे, पाळकसाहेब म्हणताहेत, ‘आज प्रवचन नको, सुधाकररावांचा लेखच वाचू.’ दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटाखट चालली होती, ती मला टाळ्यांसारखी ऐकू येत होती.

“केटली कॉपी, भाई?” झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

“साठ!” मी सहा हजारांच्या थाटात म्हणालो. त्याला एक कागद दिला, दुसरा पाकिटात घातला, चिकटवला, पेटीत टाकला, प्रतींचा गठ्ठा न बघताच पाळकसाहेबांकडे पोचवला आणि तरंगत घरी आलो.

रविवारी प्रवचन सुरू झालं आणि चमत्कार झाला. लोक चक्क मधला कागद वाचत होते! एस्तेरमावशींचे खांदे हलायला लागले. दौलतकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझा धीर, माझं संकट! मी नम्रपणे मान खाली घातली. नम्र दिसायचा सराव मी आदल्या दिवशीच केला होता.

एवढ्यात मागून एस्तेरमावशी कुजबुजल्या, “सुधाकर, ही मालू कोण रे?”

“कोण मालू?”

मी कागद पाहिला. अक्षर शांताचं होतं!

‘प्रिय मालू, रविवारी साहेबांचं प्रवचन सुरू झालं की मी डोळे मिटते. लोकांना वाटतं, प्रार्थना करते. मी जालन्याला येते. स्टेशनवर टांगा करते, पण चिंचेपाशी उतरून पायीच घरी जाते, तिथं सावली असते ना. आई माठातलं पाणी देते. तू वेणी घालून मागतेस, अजून सातवीतच आहेस. साहेब बोलतच असतात, म्हणून मी जेवूनही घेते. मग आपण दोघी ओसरीवर आडव्या होतो, गार वारा सुटतो आणि लांबून कुठूनतरी आमेन ऐकू येतं. की निघालेच परत. मागच्या रविवारी लवकर संपलं, हात धुवायचे राहिले. हे शेजारीच बसलेले असतात, पण यांना पत्ता नाही, कारण हेही तिथे नसतात.’

शांतानं तो कागद वाचला. त्याची नीट घडी घातली. (बारा वर्षांच्या संसारात मी इतका कधी घाबरलो नव्हतो!) डोक्यावर पदर घेऊन ती सरळ जिना उतरली, मागोमाग मीही.

घरी गेल्यावर म्हणाली, “आता त्या जिन्यावर माझं पाऊल पडायचं नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? सुरतेत मला तेवढंच एक माहेर होतं, तेही घालवलंत तुम्ही!” आणि रडायला लागली. मला ‘संकटात धीर’मधलं एकही वाक्य आठवेना.

संध्याकाळी दारात पाळकसाहेब! हातात तोच कागद.

“साहेब, चूक माझी...” मी सुरुवात केली.

“तुम्ही थांबा जरा. शांताबाई, ती चिंच अजून आहे का?”

“आहे,” शांता भिंतीकडे बघत म्हणाली.

“माझ्या गावी कवठाचं झाड होतं. प्रवचन देतादेता मीही तिथं जाऊन येतो. परतीची वाट लवकर सापडत नाही, म्हणून तर लांबतं!”

शांता पदरात तोंड खुपसून हसली.

मग साहेबांनी सांगितलं, की उपासना संपली तरी कुणी उठलंच नाही. जो तो आपण कुठे जातो ते सांगत बसला. दौलतकाका तापीकाठच्या काकडीच्या वाडीत जातात. एस्तेरमावशी गेलेल्या नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून बाजाराला जातात आणि त्याला अजून सांगतात, हळू चालवा. खाली उतरायला सगळ्यांना दुपार झाली.

“शांताबाई, पुढच्या महिन्यात लिहाल?”

“मी काय लिहिणार, साहेब?”

“मालूलाच लिहा. आम्ही वाचू.”

माझा लेख छापलाच गेला नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. पिशवी घेऊन मालू! आत येताच तिनं शांताला मिठी मारून हंबरडा फोडला.

“ताई, काय झालं गं? दाजींची नोकरी गेली का?” तिनं पिशवीतून माझा लेख काढला. “हे बघ, ‘घरात वादळ शिरले आहे, आता अश्रूच सोबती!’ तुझं एक अक्षर नाही. मला वाटलं, ताई आता लिहिण्याच्याही पलीकडे गेली!”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“ते रूपक होतं,” मी म्हणालो.

मालू आठ दिवस राहिली. दुपारभर दोघी फरशीवर आडव्या पडून बोलत, मी चहा करत असे. जाताना म्हणाली, “दाजी, तुमच्या लिहिण्यात ताकद आहे हं. गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही माझा.”

शांताचं म्हणणं, ती भीती होती. मी मात्र ती दाद म्हणूनच धरली आहे. दुसरी अजून आलेली नाही!