समितीचं विमान

आमच्या घरात फ्रिज नव्हता, विमान होतं.

फ्रिज नसण्याचं कारण गरिबी नव्हतं, तत्त्व होतं. बाबा बँकेतल्या कर्मचारी संघटनेचे पुढारी. शेजारी माठातलं पाणी पीत असताना आपण बर्फ खाणं म्हणजे वर्गद्रोह, असं त्यांचं मत होतं. (नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत घरोघर फ्रिज आले तरी ते मत माठातच राहिलं.) इतर मुलं ‘अ अननसाचा’ गिरवायची तेव्हा मी ‘व्यवस्थापनाचा जाहीर निषेध’ गिरवत होते. नाव क्रांती. त्यामुळे ‘क्रांती, आधी भांडी घास’ हे वाक्य आमच्याकडे रोज संध्याकाळी ऐकू यायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

मग बँकेत संगणक आले. बाबांनी धरणं धरलं, पत्रकं काढली, घसा बसेपर्यंत भाषणं केली. शेवटी पाहतात तो धरण्यावरचे निम्मे लोक संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जात होते. बाबांनी शांतपणे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या पैशांतून स्कूटर आणायला म्हणून इंदूरला गेले.

परत आले तेव्हा आई पोळ्या करत होती.

“विमान घेतलं,” बाबा म्हणाले.

“कुठलं तिकीट?”

“तिकीट नाही गं. विमान.”

आईने तव्यावरची पोळी उलटली, फुगू दिली, उतरवली. मग विचारलं, “ठेवणार कुठे?”

उडायला शिकवणारा कुठलासा क्लब बंद पडून त्याचा माल विकायला निघाला होता. त्यात हे होतं: दोन जागांचं, पंखांवर कापड ताणलेलं, पुढे लाकडी पंखा, वय बाबांच्या आसपास. आजवर आकाश फक्त भांडवलदारांचं होतं, ते आता आपण ताब्यात घेतलं, असं बाबांनी जाहीर केलं. एकट्याची मालकी अर्थातच पाप. म्हणून कॉलनीतली बँकेची पाच मराठी घरं मिळून समिती झाली. अध्यक्ष बाबा, चिटणीस मोघेकाका. मोघेकाका म्हणजे बाबांच्याच शाखेतले कॅशियर. नोटा मोजायची सवय अशी की बोलतानाही अंगठा ओला करायचे.

विमान उडायला जेवढा खर्च येतो तेवढाच ते नुसतं उभं राहायलाही येतो, हे आम्हाला फार लवकर कळलं. देवास रोडवरच्या धावपट्टीशेजारी पत्र्याची शेड घेतली, त्यात आमचा कूलर गेला. पंखांचं कापड बदललं, त्यात मोघ्यांच्या गच्चीवरची खोली गेली. कापड ताठ बसावं म्हणून त्यावर जे रोगण मारतात, त्याच्या वासाने समितीची निम्मी डोकी दुखायची, आणि त्या रोगणाच्या भावाने उरलेली. इंदूरहून येणारा इंजिनिअर दर खेपेला इंजिनाला कान लावायचा आणि डॉक्टरसारखा “हूं” म्हणायचा. त्या एका ‘हूं’ने आमच्या स्वयंपाकघरातला नवा ओटा खाल्ला.

पण दर रविवारी पाचही घरं डबे घेऊन शेडवर जायची. पंखाच्या सावलीत बसून पोहे खायचे, मग फडक्याने ते धूड पुसायचं. मी तेव्हा वीस वर्षांची, म्हणजे जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माहीत असण्याच्या वयाची होते. पण मलाही कबूल करावं लागेल की ऊन पडलं की त्या पिवळ्या कापडातून उजेड गाळून यायचा आणि आमची सगळी कॉलनी सुंदर दिसायची. अगदी मोघेकाकासुद्धा.

बाबा आत जाऊन बसायचे. चालवायचा दांडा हातात, डोळे समोर. रक्तदाबामुळे त्यांना वैमानिकाचा परवाना मिळणार नाही असं डॉक्टरने सांगून टाकलं होतं. आता त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी चालवावं आणि शेजारी बसून एकदा वर जाऊन यावं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, कारण पुढाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जायचं हा नियम त्यांनीच केला होता.

माझा विमानाला विरोध होता. बंद पडलेल्या मिलमधले कामगार घरी बसलेले असताना बँकवाले ढगांत? मी पत्रक लिहिलं, ‘आकाश कुणाच्या बापाचं?’ प्रूफं बाबांनीच तपासली. मथळ्याखाली त्यांनी पेन्सिलने लिहिलं, ‘तुझ्या. पण भाषा चांगली आहे, छाप.’

अखेर विमानाला उडायची परवानगी मिळाली. चालवायला कॅप्टन भार्गव नावाचे निवृत्त वैमानिक आले. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली आणि पहिल्या खेपेला शेजारी सगळ्यात हलका माणूस द्या, म्हणाले. झालं! समिती वरात काढावी तशी मंडीत गेली आणि गव्हाच्या काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. हमाल प्रत्येक आकडा धान्य पुकारावं तसा पुकारत होता. मोघेकाकू त्यानंतर कितीतरी दिवस मंडीच्या बाजूला फिरकल्या नाहीत.

सगळ्यात हलकी निघाले मी.

त्याच संध्याकाळी शेडवरच्या बैठकीत आईने ठराव मांडला की नियम मोडून दुसरी खेप अध्यक्षांना द्यावी. बाबांनी एकट्याने विरोधात मत दिलं, दणक्यात हरले, आणि चेहरा लपवायला शेडच्या मागे गेले.

मी अट घातली: वरून माझी पत्रकं टाकू देणार असाल तरच बसते. तत्त्व म्हणजे तत्त्व. बाबा लगेच हो म्हणाले. कॅप्टनना विचारायचं दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वर गेल्यावर पहिली काही मिनिटं मी वर्गसंघर्ष साफ विसरले. खाली क्षिप्रा चकाकत होती. राम घाटाच्या पायऱ्या कुणी नीट घडी घालून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. आमच्या गच्चीवर आईचं लुगडं वाळत होतं, तेही ओळखू आलं. मला हसू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. मग कर्तव्य आठवलं. मी खिडकी उघडली आणि गठ्ठ्याची दोरी सोडली.

पत्रकं जनतेकडे गेली नाहीत. वारा उलटा आत शिरला आणि सगळी पत्रकं आमच्याकडेच परत आली. काचेवर पत्रकं, घड्याळांवर पत्रकं, कॅप्टनच्या चष्म्यावर एक, मथळा आतल्या बाजूला. थोडी बाहेर गेली ती शेपटीच्या सांध्यात जाऊन बसली.

“बेटा,” कॅप्टन अतिशय सभ्यपणे म्हणाले, “जागृति बाद में. पहले मुझे सामने का कुछ दिखने दो.”

दिसलं तेव्हा समोर हरभरा काढून मोकळं झालेलं शेत होतं. त्यांनी विमान तिथेच उतरवलं. उतरवलं छानच, फक्त शेवटी बांध आला. पुढचा लाकडी पंखा बांधाला लागला आणि त्याचं टोक उडालं. आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही.

शेताचा मालक ट्रॅक्टरवरून उतरून आला. त्याने एक पत्रक उचललं, सावकाश वाचलं आणि मला विचारलं, “बई, यो परचो तो हवई जहाज का खिलाफ हे?”

“हां.”

“तो फेर तम इमें बेठी क्यों?”

मिलच्या फाटकावरही मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तेवढ्यात मोघेकाकांच्या स्कूटरवरून बाबा आले, मागोमाग टेम्पोतून आई आणि समिती. बाबांनी आधी माझं डोकं, हात, पाय चाचपून पाहिले. मग ते पंख्याकडे गेले. असा पंखा आता मिळणार नाही, ये अब नहीं उड़ेगा, असं कॅप्टन हळू आवाजात म्हणाले. बाबांनी मान हलवली. पुढची खेप कुणाची होती, हे कुणीच बोललं नाही. मी बोलणार होते, पण आईने माझ्याकडे पाहिलं.

विमान शेडपर्यंत न्यायला हवं होतं. त्या शेतकऱ्यानेच शेपटी ट्रॉलीवर चढवून दोराने बांधली. विमान उलटं, पाठमोरं जाणार होतं. वाऱ्याने शेपटी हलू नये म्हणून आत कुणीतरी दांडा धरून बसायला हवं, असं कॅप्टन म्हणाले.

“तुम्ही बसा,” आई बाबांना म्हणाली.

बाबांनी नियम सांगायला तोंड उघडलं.

“आणि सरका थोडे,” आई म्हणाली, “जागा दोन आहेत.” पदर खोचून ती चढलीसुद्धा.

अशी ती दोघं निघाली. पुढे ट्रॅक्टर, मागे उलटं विमान, त्यात पाठीच्या दिशेने प्रवास करणारे माझे आईवडील. देवास रोडवर ट्रक बाजूला झाले. यात्रेकरूंची एक बस थांबली आणि काहींनी, असू द्यावा एक नमस्कार म्हणून, हात जोडले. बाबांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आईचा एक हात त्यांच्या खांद्यावर होता आणि दुसरा ती जनतेकडे बघून हलवत होती. बाबांचा तसा चेहरा मी कुठल्याही मोर्चात पाहिला नव्हता. मी मागून चालत होते, पत्रकं गोळा करत.

संध्याकाळी समितीची बैठक बसली. अध्यक्षांचा शेत ते शेड हा प्रवास ‘यशस्वी उड्डाण’ समजावा असा ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. मी हरकत घेतली. तेव्हा मोघेकाकांनी अंगठा ओला करत मला आठवण करून दिली की तत्त्वासाठी मी समितीचं सभासदत्व नाकारलेलं आहे, तेव्हा मला मत नाही.

त्यामुळे आमच्या घरातून आजवर अधिकृतपणे दोनच माणसं विमानातून उडाली आहेत, माझे आई आणि बाबा. मी नुसती पडले.