चिंचोका कोणाकडं?

मला राग लवकर येतो आणि स्वतःचं कौतुकही लवकर वाटतं. दोन्ही खोडी माहेरच्या, पाथरीच्या. त्यामुळे पुढचं सांगताना थोडी फुशारकी आली तर चालवून घ्या.

निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. हैदराबादेत नर्सिंग शिकून मी सेलूच्या एका लहानशा दवाखान्यात रुजू झाले. दहा-बारा खाटा, पुण्याकडचे तरुण डॉक्टरसाहेब, निजामीतले म्हातारे कंपाउंडर आणि पेडगावची एक मावशी, जी आया, स्वयंपाकीण आणि दवाखान्याची जीभ, सगळं एकटीच होती. निजाम गेला, पण दवाखान्यातलं ‘जी’ काही गेलं नव्हतं. साहेबांनी काही सांगितलं की आम्ही तिघं एका सुरात ‘जी’ म्हणायचो. प्रतिप्रश्न करणं ही बेअदबी समजली जायची.

कापसाच्या हंगामात जिनिंगमधल्या एका मजुराचा हात यंत्रात सापडला. साहेबांनी दंडाला रबरी पट्टी आवळून रक्त थांबवलं. तेवढ्यात आत अडलेली बाळंतीण ओरडली. “थोड्या थोड्या वेळानं पट्टी सैल करा,” असं सांगत साहेब आत गेले. आम्ही तिघं म्हणालो, ‘जी.’

मला वाटलं कंपाउंडर करतील. त्यांना वाटलं, हे नर्सबाईचं काम. मावशीला वाटलं, शिकलेल्या माणसांच्या कामात आपण कशाला हात घाला. बारभाईची शेती! बाळंतीण सुखरूप सुटली, साहेब बाहेर आले, तेव्हा त्या मजुराची बोटं काळीनिळी आणि थंडगार पडली होती. हात कापावा लागला. हात तसाही गेला असता, असं साहेब म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पुढे तो त्याच जिनिंगच्या फाटकावर राखण्या म्हणून बसायला लागला आणि मी बाजाराला जायची वाटच बदलली. त्याच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटायची.

पुढच्या रविवारी साहेबांनी आम्हाला समोर बसवलं, वही काढली. “आपल्या दवाखान्यात सगळ्यात आधी कशाचा शोध घ्यायला हवा? प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची.” ते स्वतः म्हणाले, रक्त देण्याची सोय कशी करता येईल. कंपाउंडर म्हणाले, औषधं वेळेवर का येत नाहीत. मी म्हणाले, चांगला दिवा. मावशी कोपऱ्यात कापसाचे बोळे वळत होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

“साहेब, तुमी तिघास्नी मिळून एक काम सांगता, तवा ते कोनाचं असतंय, ते हुडका आदी.”

माझा पारा चढला. “म्हणजे चूक माझी?”

“तुमची, माजी, समद्याची. म्हणून तर कोनाचीच न्हाई. लग्नात पंगतीला पानी वाढायला दहा जन ‘हाव, हाव’ म्हनतेत, अन् पंगत ठसका लागून बसती. तांब्या एकाच्या हातात दिला म्हंजे पानी येतंय.”

साहेबांनी वहीत आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि मावशीचं वाक्य लिहिलं.

तांब्याच्या जागी चिंचोके आले. एका ताटलीत चिंचोके ठेवायचे. साहेबांनी काम सांगितलं की एकानंच एक उचलून खिशात टाकायचा आणि काम झाल्यावर परत ठेवायचा. कंपाउंडर चिडवायचे, “अजी बाई, विडा उचलायलाव का?” ज्याचा चिंचोका कोणीच उचलला नाही, असं प्रत्येक काम साहेब वहीत टिपायचे. महिन्यानं त्यांनी वही वाचली. राहून गेलेली बहुतेक कामं त्यांनी स्वतः दाराकडे जाता जाता सांगितलेली होती. हे त्यांनी आमच्यासमोर, कान लाल होईपर्यंत, मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून चिंचोका कोणी उचलला हे बघितल्याशिवाय साहेब जागचे हलत नसत. असा डॉक्टर मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या हंगामात पुन्हा तेच यंत्र, पुन्हा एक हात. जखमी पोराला आधार देऊन आणणारा होता तोच फाटकावरचा राखण्या. “बाई,” तो म्हणाला, “याचा तरी ऱ्हाऊ द्या.”

साहेबांनी पट्टी आवळली, सैल करायला सांगितलं आणि थांबले. मी चिंचोका उचलला. मग ते दुसऱ्या खाटेकडे गेले. थोड्या वेळानं तापात झटके आलेलं एक लेकरू आलं आणि साहेब ओरडले, “सिस्टर, इकडे या! लवकर!”

पट्टी सैल करायची वेळ झालेली. जिभेवर ‘जी’ आलंच होतं. मी ते गिळलं आणि तितक्याच मोठ्यानं ओरडले, “येत नाही साहेब! चिंचोका माझ्याकडं आहे!”

माझ्या उभ्या जन्मात मी कोणा वरिष्ठाला असं बोलले नव्हते. तेवढ्यात म्हातारे कंपाउंडर ताटलीतला दुसरा चिंचोका उचलून लेकराकडे धावले आणि तिकडून साहेबांचा आवाज आला, “बरोबर. तुम्ही तिथंच थांबा.”

मी जखम दाबून धरली, पट्टी सैल केली, पुन्हा आवळली. लेकरू शांत झाल्यावर साहेब आले आणि त्यांनी तुटलेली शीर बांधली. पट्टी कायमची निघाली.

राखण्या तोवर भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि आपल्या उरलेल्या हातानं त्या पोराची बोटं एकेक करून चाचपायला लागला. करंगळीपर्यंत पोचला.

“गरम हायत, बाई,” तो म्हणाला.

तेव्हा कुठं मी त्याच्या तोंडाकडं बघितलं.