न सांगितलेली जागा

माघातल्या पहाटे येलदरीच्या जलाशयाला एक वास असतो. ओल्या गाळाचा, कुजलेल्या बेशरमाच्या झुडपांचा आणि काठच्या हरभऱ्यावरच्या आंबट दवाचा. मोटारसायकलला ताडपत्री, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन बांधून मी एकटाच उत्तर काठाने निघालो, तो या वासाच्या ओढीने, असे मी लोकांना सांगतो. ते खरे नाही.

"पन्नाशीत तंबू ठोकून राहिले! घरात जागा कमी पडून राहिली काय?" बायकोने आखाडा बाळापुरातून निघताना विचारले होते.

"व्हय," म्हणालो आणि किक मारली.

तीन दिवस पाणी डाव्या हाताला ठेवून जात राहिलो. पाणी ओसरलेल्या जमिनीवर चक्रवाकांची केशरी जोडी उन्हात उजळून निघे, पळसाखालचा रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप मला पाहूनही निवांत चरत राही, आणि संध्याकाळच्या तांबूस पाण्यातून एखादे पाणमांजर डोके वर काढून माझ्या स्टोव्हच्या आवाजाचा अंदाज घेई. मन भरून यावे असेच सारे होते. पण मी एकाच प्राण्याला शोधत होतो, आणि तो दिसू नये असेही मला वाटत होते.

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची गोष्ट. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो, लस टोचायला याच काठाने मेंढरांच्या वाड्यांवर हिंडायचो. एका घळीत लांडग्याचे बीळ दिसले. तोंडाशी चार पिल्ले, मातीच्याच रंगाची. सोबतचे मेंढपाळ लिंबाजीमामा चटकन पाठ फिरवून उभे राहिले.

"पाहिलंस ना? आता विसर. आमी बिळाची जागा कुनाला सांगत न्हाई. वर्साला एक कोकरू त्याचंच असतंय."

मी मान डोलावली. आणि त्याच दुपारी साखरा गावच्या हॉटेलात, चार माणसे माझे ऐकताहेत या सुखात, घळ, बोरीचे झुडूप, पायवाट, सारे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी लोकांनी बिळात मिरच्यांचा धूर कोंडला. त्यानंतर मामांनी आपला वाडा हलवला, आणि कुठे ते मला कळवले नाही.

चौथ्या सकाळी लांडग्याची मादी दिसली. धुक्यातून आली, थांबली, तोंडातला घास खाली टाकला, आणि जमिनीतून तीन पिल्ले उगवली. कुठे, ते इथेही लिहिणार नाही.

ऊन वर आले तसा जवळच्या तांड्यावरचा, दवाखान्याच्या दिवसांपासून ओळखीचा शेषराव काठी घेऊन तंबूशी आला. त्याची गाभण शेळी गेली होती.

"लांडगा दिसला काय, डाक्टर?"

"दिसला."

"कुठं?"

"ते सांगणार नाही."

"काहून? सोयरा हाय काय तुमचा?" तो थुंकला. "न्हाई दिसला म्हना की सरळ! खोटं बोलायबी येत न्हाई तुमाला."

त्याचा राग खरा होता. त्या शेळीच्या दुधावर घरातले लेकरू वाढायचे होते. पण खोटे बोलून मला सुटायचे नव्हते. नाही म्हणायचे, तर त्याच्या तोंडावर, आणि पुढे जे होईल ते सोसून. मी कुऱ्हाड मागितली. दिवसभर बोरी-बाभळी तोडून त्याच्या शेळ्यांच्या वाड्याभोवती पुरुषभर उंच काटेरी कुंपण उभे केले. तळहात सोलवटले. दोनदा त्याने विचारले, "आता तरी सांगा."

"न्हाई."

या कुंपणाने जुना धूर निवत नाही, हे मला कळते. उद्या एखादी शेळी पुन्हा गेलीच, तर तोही दोष माझा, आणि तो मी जाणूनबुजून घेतला आहे.

दिवस कलला. शेषरावाने तांब्याभर पाणी आणून दिले आणि माझे डोळे कुठे वळतात ते निरखत उभा राहिला. तेव्हा उमजले, लिंबाजीमामा त्या दिवशी का वळले होते. मीही सावकाश पाठ फिरवली. कोणत्या दिशेला, ते विचारू नका.