शनिवारची लाईट आणि नातीचे मासे

पहिला मासा उलटा झाला तेव्हा मी तांब्याने काचेच्या टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत होते. त्याचं पांढरं पोट वर आलं, तोंड अजून हलत होतं. बाकीचे सगळे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडं उघडत आणि मिटत होते. उजवा खांदा माझा आधीच दुखरा, तो पार भरून आला होता.

मासे नातीचे. ती नववीत. त्यांच्या शाळेत मुलांना एक पुरस्कार मिळतो. त्यासाठी सहा महिने एकच छंद धरायचा, एकही आठवडा चुकवायचा नाही. शिवाय एकदा डोंगरावर मुक्कामाला जायचं. आमच्या वेळी छंद म्हटलं की दारूचा नाहीतर पत्त्यांचा. मी चौथीपर्यंत शिकले, मला कोणी तुझा छंद काय म्हणून विचारलं नाही. नातीने तबला सोडला होता, स्केटिंग सोडलं होतं, चित्रकलेचा क्लास तर पहिली वही भरायच्या आत. तिची आई तोंडावर म्हणायची, "हिच्या हातून एक गोष्ट पुरी झाली तर मी पेढे वाटीन." मासे मात्र तिने धरून ठेवले. दर रविवारी थोडं पाणी बदलायची, फोटो काढून शाळेतल्या बाईंना पाठवायची. आता दोन आठवडे उरले होते. मला माशांचं काही नव्हतं. पोर एकदा तरी शेवटापर्यंत जावी, एवढंच होतं.

त्या शनिवारी ती डोंगरावर गेली. मुलगा सातपूरला कारखान्यात, सून नांदगावला लग्नाला. सकाळी दुरुस्तीसाठी लाईट गेली आणि टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारी मोटर बंद पडली. उन्हाळ्याचे दिवस, टाकी लहान, मासे दाटीने भरलेले. दुपारी ते वर यायला लागले.

नातीचा फोन लागेना. मुलाला कामावर फोन जवळ ठेवता येत नाही. सून म्हणाली, "आई, मी इथून काय करणार? टाकीवर पंखा लावा ना."

"लाईटच नाय, पंखा कसा लावू?"

"हो की," म्हणाली. तिच्या मागे बँड वाजत होता.

मासे ज्याच्या दुकानातून आणले त्याचा नंबर टाकीला चिकटवलेला होता. तो म्हणाला, "आजी, त्यातलंच पाणी घ्या आणि उंचावरून ओता. लाईट येईपर्यंत थांबू नका."

"नळाचं ताजं पाणी घालू का?"

"अजिबात नको. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, तिने आहेत तेही जातील."

ओतायला लागले. शेजारीण डोकावली. "मावशी, चहा गार करताय का कोणाचा?" सांगितलं तशी हसली. "आमच्याकडे एवढ्या वेळात तळून झाले असते."

"बोलू नको, तांब्या धर."

तिने धरला, थोडा वेळ ओतलं, मग कुकर लावलाय म्हणून गेली.

मी डाव्या हाताने ओतलं. खुर्चीवर बसून ओतलं. लुगडं भिजलं, फरशीवर पाणी झालं. मग हात वर जाईचना. तांब्या खाली ठेवला आणि नुसती बघत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एकेक उलटा होत गेला.

लाईट आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मोटर आपोआप सुरू झाली आणि मेलेले मासे बुडबुड्यांवर गोल फिरायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात आली. पाठीवर बॅग, नाक उन्हाने सोललेलं. टाकीपाशी उभी राहिली.

"लाईट गेली होती," मी म्हटलं. "ओतत होते मी पाणी. हात चालला नाही."

"असू दे."

बाईंनी तिला फोनवर सांगितलं की दोन मासे उरलेत ना, मग त्यांच्यावर पुढचे दोन आठवडे कर. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "नको आता."

"दोनच आठवडे राहिलेत."

"आजी, तू मधे बोलू नको."

त्या रविवारी फोटो गेला नाही. पुढच्याही गेला नाही. सुनेने टोमणा मारला नाही. मारला असता तर पोर निदान चिडली तरी असती.

त्या दुपारी घरात जेवढे जीव होते त्यातले दोन काळे मासे जगले, आणि मी.